नाताळचं ताट आणि वर्षाला एक डॉलर

मैत्रिणींनो, आपल्या छावणीत नाताळला ख्रिस्ती घरांवर चांदणी लागते, शेजारी करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं जातात. 'नाताळ' शब्द पोर्तुगीजांचा, फराळ मात्र आपलाच!

पण देणं शेजारापुरतंच नसतं. डिसेंबर १८८७ मध्ये अमेरिकेत, बोस्टनला, पंडिता रमाबाईंच्या कामासाठी मंडळ उभं राहिलं. ठिकठिकाणी गट झाले. माणशी वर्षाला निदान एक डॉलर, दहा वर्षं. आपला हप्ताच की! त्यातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन निघालं. तिथे विधवा गोदूबाई शिकली. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला.

यंदा आमच्या गटात वाद झाला: एकट्या राहणाऱ्या मैत्रिणीला साडी द्यायची की शिवणक्लासची फी? फी भरली. करंज्या वेगळ्या दिल्याच.