झिगझॅग विजेला खोटं पाडणारा फोटो

जरा फोनमधलं चार्जिंगचं चिन्ह बघा. टोकदार कोनात मोडलेली, करवतीच्या दातांसारखी वीज. अशी वीज आभाळात कधी दिसत नाही. पण चित्रकार पिढ्यानपिढ्या ती अशीच काढत आले, आणि लोकांनाही तीच खरी वाटायला लागली. आजचा भाग या झिगझॅगला खोटं पाडणाऱ्या फोटोबद्दल.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्ज नावाचा विशीतला फोटोग्राफर होता. त्याला चित्रातली वीज पटेना. पण नुसता वाद घालून काय होणार? वीज डोळ्यासमोर चमकते आणि नीट बघायच्या आत संपते. पुरावा हवा, म्हणजे फोटोच हवा.

1847 मध्ये सेंट लुईसच्या थॉमस ईस्टर्लीने डॅगेरोटाइपवर वीज टिपल्याची नोंद आहे. पण तेव्हा हे काम फार अवघड होतं. पुढे काचेच्या ओल्या प्लेट आल्या. त्या ओल्या असेपर्यंतच, म्हणजे काही मिनिटांत, फोटो काढून धुवायला लागायच्या. वीज कधी पडेल ते कुणाला माहीत? 1880 च्या सुमारास बाजारात तयार कोरड्या प्लेट आल्या आणि वाट बघणं शक्य झालं.

जेनिंग्जची युक्ती साधी होती. अंधारात कॅमेरा वादळाकडे रोखायचा, झाकण उघडं ठेवायचं आणि थांबायचं. वीज स्वतःच्याच उजेडात स्वतःचा फोटो काढते! कित्येक प्लेट वाया गेल्या. शेवटी 2 सप्टेंबर 1882 ला वीज सापडली. फोटोत झिगझॅग नव्हताच. दिसली ती वेडीवाकडी, फाटे फुटलेली रेघ, नकाशातल्या नदीसारखी.

गंमत पुढे आहे. चार्ल्स बॉइज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने फिरत्या भिंगांचा कॅमेरा बनवला. 1930 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बॅसिल शॉनलँड यांनी तसाच कॅमेरा वापरून दाखवलं, की पहिली वीज ढगातून टप्प्याटप्प्याने उतरते. एक टप्पा साधारण 50 मीटरचा. ती जमिनीशी जोडली गेली, की लखलखाट खालून वर धावतो! हे नुसत्या डोळ्याला कधीच कळलं नसतं.

आज तुम्ही फोनवर करता ते जेनिंग्जचंच तंत्र. फोन स्टँडवर घट्ट बसवा, प्रो मोडमध्ये आयएसओ 100 च्या आसपास, फोकस दूरवर, शटर 5 ते 10 सेकंद उघडं, आणि एकामागून एक फोटो घेत राहा. दिवसा असं केलं तर फोटो पांढराफटक येतो. तेव्हा व्हिडिओ काढा आणि त्यातली फ्रेम उचला.

एक गोष्ट मात्र जेनिंग्जकडून घेऊ नका. तो घराच्या गच्चीवर उभा राहून फोटो काढायचा. आपल्याकडे दरवर्षी विजेने माणसं जातात, कुणी शेतात, कुणी झाडाखाली. चमक दिसली की सेकंद मोजा, गडगडाट ऐकू आला की आकड्याला 3 ने भागा. तितके किलोमीटर वीज लांब. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर सरळ घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲपही आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं. वळवाचा पाऊस यायच्या आधीच ते फोनमध्ये टाकून ठेवा.

फोटो बंद खिडकीतूनही येतो, मंडळी. भेटू पुढच्या भागात!