होमरनविना ‘सर्वांत मोलाचा’ खेळाडू

अमेरिकन लीगच्या ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ म्हणजेच एमव्हीपी पुरस्काराचा २००१ चा निकाल अवघ्या आठ गुणांनी लागला. सिएटल मरिनर्सच्या इचिरो सुझुकीला २८९ गुण मिळाले, तर ओकलंड ॲथलेटिक्सच्या जेसन जिआम्बीला २८१. जिआम्बीने त्या मोसमात ३८ होमरन फटकावले होते. इचिरोने फक्त आठ. जपानमधून आलेल्या, अंगाने सडपातळ आणि अमेरिकेतील पहिलाच मोसम खेळणाऱ्या या फलंदाजाने पुरस्कार नेला आणि बेसबॉलमधील एक जुना वाद पुन्हा उफाळून आला. चेंडू कुंपणापलीकडे धाडण्याची ताकद ज्याच्या मनगटात नाही, तो संपूर्ण लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू कसा ठरू शकतो?

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकाला होमरन म्हणजे षटकार असे सांगितले की बरेचसे उमगते. मात्र एक फरक आहे. षटकाराच्या धावा सहाच असतात. होमरनचे मोल मात्र त्या क्षणी बेसवर किती सहकारी उभे आहेत यावर ठरते. बेस रिकामे असतील तर एक धाव, तिन्ही भरलेले असतील तर चार. म्हणजे होमरन मारणारा आपल्या आधीच्या फलंदाजांची कमाईही वसूल करीत असतो, आणि फलकावर ठळक दिसते ते त्याचेच नाव.

या पुरस्काराचे मतदान १९३१ पासून अमेरिकेतील बेसबॉल पत्रकारांची संघटना घेते. प्रत्येक संघाच्या शहरातील दोन पत्रकार दहा खेळाडूंची क्रमवार नावे देतात. पहिल्या पसंतीला १४ गुण, दुसरीला नऊ, तिसरीला आठ आणि पुढे उतरत्या क्रमाने दहावीला एक. अंतिम फेरीचे सामने सुरू होण्यापूर्वीच मते बंद होतात. ‘मोलाचा’ याची नेमकी व्याख्या मात्र संघटनेने केलेली नाही. खेळाडूचे आपल्या संघाला प्रत्यक्षात असलेले मोल, फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण दोन्हींतील बळ, खेळलेल्या सामन्यांची संख्या, स्वभाव आणि निष्ठा अशा काही गोष्टी मतदाराने विचारात घ्याव्यात, एवढेच सुचवले आहे. होमरनचा त्यात उल्लेख नाही. ही मोकळीक हेच वादाचे खरे मूळ होय.

फटक्यांच्या ताकदीविना हा मान मिळवणारा इचिरो पहिला नव्हे. सेंट लुईस कार्डिनल्सचा शॉर्टस्टॉप मार्टी मॅरियन १९४४ मध्ये .२६७ ची सरासरी आणि सहा होमरन एवढ्या भांडवलावर एमव्हीपी झाला. ३३ होमरन मारणाऱ्या शिकागो कब्जच्या बिल निकल्सनला त्याने केवळ एका गुणाने मागे टाकले. पिट्सबर्गच्या डिक ग्रोटने १९६० मध्ये दोनच होमरन मारून पुरस्कार घेतला, तर सिनसिनाटीच्या पीट रोझने १९७३ मध्ये पाच होमरन मारून. मॅरियन आणि ग्रोट दोघेही शॉर्टस्टॉप होते, हा योगायोग नाही. मैदानाच्या मधोमध, दुसऱ्या बेसच्या आजूबाजूला उभे राहणाऱ्यांकडे सर्वाधिक चेंडू येतात आणि ती जागा सांभाळू शकणारे खेळाडू मोजकेच असतात. पहिल्या बेसवर त्या मानाने संथ, पण दणकट फलंदाज खपून जातो. त्यामुळे शॉर्टस्टॉपच्या दहा होमरनची तुलना पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या दहांशी करणे मुळातच अन्यायाचे आहे.

धावांचा हिशेब

वाद भावनेवर सोडायचा नसेल तर धावांच्या हिशेबाकडे वळावे लागते. बेसबॉलच्या आकडेशास्त्राने प्रत्येक कृतीची सरासरी किंमत धावांमध्ये काढली आहे. काळानुसार ती थोडी बदलते, परंतु ढोबळमानाने एक होमरन सुमारे १.४ धावांचा, एकेरी बेसचा फटका सुमारे अर्ध्या धावेचा, चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा वॉक एकतृतीयांश धावेचा. बेस चोरला तर ०.२ धावेची कमाई. चोरताना पकडले गेले तर सुमारे ०.४ धावेचे नुकसान. याचा अर्थ असा की दोनदा यशस्वीपणे बेस चोरून एकदा पकडला गेलेला धावपटू, लोक कितीही टाळ्या वाजवोत, संघाला जवळपास काहीच देत नाही.

हा हिशेब १९६२ च्या नॅशनल लीगला लावला की एक अप्रिय निष्कर्ष निघतो. लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॉरी विल्स याने त्या वर्षी १०४ बेस चोरले आणि टाय कॉबचा १९१५ मधील ९६ चा विक्रम मोडला. साऱ्या देशाचे लक्ष त्याच्या पायांकडे लागले होते. त्याला २०९ गुण मिळाले. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या विली मेजला २०२. विल्स १३ वेळा पकडला गेला. त्या वजावटीनंतर त्याच्या सगळ्या चोऱ्यांची निव्वळ किंमत पंधरा-सोळा धावांच्या आसपास भरते. मेजचे एकट्या होमरनच ४९ होते, विल्सचे सहा. या एका बाबीतच साठ धावांचे अंतर पडते. विल्सचे एकेरी फटके पुष्कळ अधिक होते हे खरे. त्याने काही अंतर भरून निघते, पण सगळे नाही. फलंदाजीला आल्यावर बेस गाठण्याचे प्रमाण मेजचे .३८४, विल्सचे .३४७. आणि मेज काही निव्वळ दांडपट्टा फिरवणारा नव्हता. सेंटर फील्डमधील त्याच्याइतका क्षेत्ररक्षक त्या पिढीत शोधावा लागला असता. एवढे करून मोसमाअखेर बरोबरी झाल्यावर झालेल्या तीन सामन्यांच्या लढतीत डॉजर्सना हरवून लीग जिंकली ती मेजच्याच संघाने. विल्सचा मोसम अविस्मरणीय होता, पण पुरस्कार मेजचा होता.

मात्र याच हिशेबातून नेली फॉक्सची बाजू भक्कम होते. शिकागो व्हाइट सॉक्सच्या या सेकंड बेसमनने १९५९ मध्ये दोन होमरन मारले. त्याच वर्षी अमेरिकन लीगमध्ये रॉकी कोलाविटो आणि हार्मन किलब्रू यांचे प्रत्येकी ४२ होमरन होते. तरीही फॉक्स एमव्हीपी झाला, आणि योग्यच झाला. .३०६ ची सरासरी, ७१ वॉक, बेस गाठण्याचे प्रमाण .३८०, आणि अख्ख्या मोसमात केवळ १३ स्ट्राइकआउट. आजचे फलंदाज पंधरवड्यातच तेवढे होतात. दुसऱ्या बेसवरील त्याचे क्षेत्ररक्षण लीगमध्ये अव्वल मानले गेले. वेग आणि क्षेत्ररक्षणावर उभ्या असलेल्या व्हाइट सॉक्सनी १९१९ नंतर प्रथमच लीग जिंकली. मतदानात दुसरा लुईस अपारिसिओ आणि तिसरा अर्ली विन, दोघेही याच संघाचे. फलंदाजी, धावणे, क्षेत्ररक्षण आणि जागेचे मोल एकत्र करून संघाला किती विजय अधिक मिळवून दिले हे मोजणाऱ्या ‘वॉर’ या आजच्या मापानेही फॉक्स त्या दोन्ही होमरनवीरांच्या पुढे आहे.

इचिरो या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. .३५० ची सरासरी, २४२ हिट, ५६ चोरलेले बेस, उजव्या क्षेत्रात अचूक फेक. ११ एप्रिल २००१ रोजी ओकलंडला पहिल्या बेसवरून तिसऱ्याकडे धावणाऱ्या टेरेन्स लाँगला त्याने थेट फेकीने बाद केले, तो क्षण आजही आठवला जातो. मरिनर्सनी त्या मोसमात ११६ सामने जिंकले. पण जिआम्बीला १२९ वॉक मिळाले होते आणि इचिरोला ३०. त्यामुळे सरासरीत किंचित मागे असलेला जिआम्बी बेस गाठण्याच्या प्रमाणात .४७७ वर पोचतो, इचिरो .३८१ वर थांबतो. क्षेत्ररक्षण आणि वेगाची सारी भर घातली तरी ‘वॉर’मध्ये जिआम्बीच पुढे राहतो. मतदारांनी वॉककडे पाहिले नाही. ते त्या काळात फारसे कुणी पाहतही नव्हते. शिवाय इचिरोला ज्या गोष्टीने मागे टाकले ती केवळ ताकद नव्हती, चेंडू सोडून देण्याचा संयमही होता. होमरनविरुद्ध हिट असा मांडला गेलेला तो वाद म्हणूनच अर्धवट होता.

त्या वर्षांतील होमरनच्या आकड्यांवरही पुढे सावट आले. उत्तेजक द्रव्यांच्या वापराबाबतचा मिचेल अहवाल डिसेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एका अख्ख्या कालखंडातील ताकदीकडे लोक साशंकतेने पाहू लागले. इचिरोची लोकप्रियता त्यानंतर वाढली, यात नवल नाही. त्याने २००४ मध्ये २६२ हिट मारून जॉर्ज सिस्लरचा १९२० चा २५७ हिटचा विक्रम मोडला. २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी ३९४ पैकी ३९३ मते मिळवली.

चित्र आज काय आहे?

पिचर वगळता, दहापेक्षा कमी होमरन मारून एमव्हीपी झालेला इचिरो हा शेवटचा खेळाडू. कोविडमुळे साठ सामन्यांवर आलेला २०२० चा मोसम सोडला, तर वीसपेक्षा कमी होमरनवरचा शेवटचा एमव्हीपी फलंदाज म्हणजे २००८ मधील बोस्टनचा डस्टिन पेड्रोया. त्याचे १७ होते. पण केवळ होमरनही पुरेसे नाहीत. सिएटलचा यष्टिरक्षक, म्हणजे कॅचर, कॅल रॅली याने २०२५ मध्ये ६० होमरन मारले, तरी पुरस्कार ५३ होमरन आणि .३३१ ची सर्वोच्च सरासरी असलेल्या ॲरन जजला गेला.

बेसचा आकार वाढवून आणि पिचरने धावपटूला रोखण्यासाठी करायच्या फेकींवर मर्यादा घालून २०२३ मध्ये नियम बदलले गेले. धावपटूंना त्याने बळ मिळाले. लाभ मात्र ज्यांच्याकडे ताकदही होती त्यांनाच अधिक झाला. रोनाल्ड अकुन्या ज्युनिअरने त्याच वर्षी ४१ होमरन मारून ७३ बेस चोरले. शोहेई ओहतानीने २०२४ मध्ये ५४ आणि ५९. दोघेही एकमताने एमव्हीपी झाले.

दरम्यान लुईस अराएझने २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे फलंदाजीच्या सरासरीत अव्वल स्थान मिळवले, तेही तीन वेगवेगळ्या संघांकडून. २०२३ मध्ये त्याची सरासरी .३५४ होती आणि होमरन दहा. एमव्हीपीच्या शर्यतीत तो एकदाही आघाडीवर आला नाही. अराएझला वॉक फारसे मिळत नाहीत, तो बेस चोरत नाही आणि क्षेत्ररक्षणासाठी संघांनी त्याला कधी पहिल्या, कधी दुसऱ्या बेसवर, तर कधी नुसते फलंदाज म्हणून खेळवले. फॉक्सकडे जे होते, ते त्याच्याकडे नाही.