ट्रामची धास्ती आणि डोक्यातलं रक्त

वीकएन्डला अलिबागला जाणारे आपण सगळे समुद्र, किल्ला आणि मासे एवढं उरकून परत येतो. गावात एक चुंबकीय वेधशाळा आहे, तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. मीसुद्धा कित्येकदा नुसती पाटी वाचून पुढे गेलोय. पण तिची गोष्ट झकास आहे.

पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी कुलाब्याला व्हायच्या. (मुंबईतला कुलाबा, अलिबागचा कुलाबा किल्ला नव्हे!) तिथे 1841 पासून हे काम चालू होतं. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा विद्युतप्रवाह जवळून वाहायला लागला की सूक्ष्म मोजमापांची वाट लागणार. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी बिऱ्हाड अलिबागला हलवलं. इमारतीत लोखंड टाळलं, पोरबंदरचा दगड वापरला. 1904 ला तिथे नोंदी सुरू झाल्या. पण कुलाबा लगेच बंद नाही केला! 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणजे जुना आकडा आणि नवा आकडा यांचं नातं पक्कं कळावं. आपल्या भाषेत पॅरलल रन. विजेची ट्राम धावली ती 1907 मध्ये.

हे सगळं आठवलं ते एका मित्राने पाठवलेल्या चित्रामुळे. राखाडी मेंदू, त्यावर लाल-पिवळे ठिपके आणि खाली ओळ: प्रेमात पडल्यावर मेंदूचा हा भाग पेटतो. म्हटलं, पेटतो म्हणजे नक्की काय होतं?

तर मंडळी, पेटत काहीच नाही. मशीनला विचार दिसत नाहीत, रक्त दिसतं.

विचार केला की मेंदूकडे रक्त धावतं, ही कल्पना जुनी. एकोणिसाव्या शतकात इटलीत आंजेलो मोस्सो याने कवटीला भोक पडलेल्या एका रुग्णाला 8 गुणिले 12 किती असं विचारलं आणि मेंदूची धडधड वाढलेली नोंदवली. 1890 मध्ये इंग्लंडात रॉय आणि शेरिंग्टन यांनी मांडलं की मेंदू आपल्या गरजेप्रमाणे रक्तपुरवठा बदलून घेतो. मग 1936 साली पॉलिंग आणि कोरिएल यांना दिसलं की ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं, ऑक्सिजनवालं नाही. हा शोध चोपन्न वर्षं जवळजवळ तसाच पडून होता म्हणायला हरकत नाही. 1990 मध्ये बेल लॅब्जमधल्या सेइजी ओगावा यांना उंदरांच्या मेंदूत रक्तवाहिन्यांच्या काळ्या रेघा दिसल्या, आणि उंदराला हुंगायला दिलेला वायू बदलला की त्या रेघाही बदलत होत्या. 1992 मध्ये माणसांवर हे जमलं. ज्या मशीनमध्ये हे बघतात तिचं चुंबक बरेचदा 3 टेस्लाचं असतं, अलिबागला मोजल्या जाणाऱ्या क्षेत्राच्या सुमारे 70 हजार पट.

इथे एक गंमत आहे. पेशी कामाला लागल्या की त्या ऑक्सिजन जास्त खाणार, म्हणजे सिग्नल पडायला हवा ना? होतं उलटं. 1986 साली फॉक्स आणि रायकल यांनी पेट स्कॅनने मोजलं तर रक्तप्रवाह 29 टक्के वाढला होता आणि ऑक्सिजनचा वापर फक्त 5 टक्के. दोन पाहुण्यांसाठी दहा ताटं वाढावीत तसं! जादा ताजं रक्त येतं, ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन वाहून जातं आणि सिग्नल वाढतो. तो लाल ठिपका म्हणजे ही उधळपट्टी.

पण वाहिनीला रुंद होताच येत नसेल तर? गाठीच्या शेजारच्या वाहिन्यांचं कधीकधी असं होतं. पेशी ठणठणीत काम करत असतात, बोलण्याचं केंद्र शाबूत असतं, पण रक्त वाढत नाही म्हणून चित्रात तो भाग शांत दिसतो. सर्जनने त्या चित्रावर विसंबून तिथे सुरी चालवली तर माणूस वाचा गमावून बसेल. माझ्या मते या रंगीत चित्रांबद्दल सगळ्यात आधी सांगायला हवी ती हीच गोष्ट.

म्हणून मग वाहिन्यांचीच वेगळी परीक्षा घेतात. कार्बन डायऑक्साइडने मेंदूतल्या वाहिन्या रुंदावतात. पेशंटला 5 टक्क्यांच्या आसपास तो वायू मिसळलेली हवा देतात, किंवा सरळ पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायला सांगतात. पेशींचं काम फारसं बदलत नाही, म्हणजे जो बदल दिसतो तो वाहिन्यांचा. जिथे सिग्नल चढत नाही, तिथल्या शांततेवर विश्वास ठेवायचा नाही. कधी तर तो चक्क उतरतो, कारण शेजारच्या धडधाकट वाहिन्या रुंद होऊन रक्त आपल्याकडे ओढून नेतात. मेंदूची धमनी अरुंद झालेल्या रुग्णात ही खूण फार महत्त्वाची. 1998 मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी याच वायूचा वापर करून अख्खी मोजणीच कॅलिब्रेट करून दाखवली. मूस यांना हे नक्की आवडलं असतं.

अडचण अशी की पक्षाघात झालेल्या माणसाला 'श्वास रोखा' ही सूचना पुष्कळदा कळत नाही, कळली तरी जमत नाही. ज्यांना ही तपासणी हवी त्यांनाच ती अवघड. त्यावर आता एक वेगळी वाट चोखाळताहेत. आपण स्वस्थ पडलो तरी श्वास कमीजास्त होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडाफार हलतो आणि सिग्नलही त्याच्याबरोबर डुलतो. इतकी वर्षं ही डुलकी कचरा म्हणून गाळून टाकायचे. आता तिच्यावरूनच वाहिन्यांची ताकद काढायचे प्रयत्न चालू आहेत, पेशंटने नुसतं पडून राहायचं.