दगडू, धोंडो आणि खुदीराम

गेल्या महिन्यात आपल्या केंद्रावर एक आई आली आणि तिने आपल्या बाळंतीण लेकीला फोनवरून आमच्याशी जोडून दिलं. लेकीची आधीची दोन मुलं गेली. एक सव्वा महिन्याचं असताना, एक सहा महिन्यांचं होऊन. आता तिसरा मुलगा झालाय, सुखरूप आहे, अंगावर पितो. पण बारसं अडलंय. सासूबाई म्हणतात, याचं नाव दगडू ठेवायचं. पोरगी बारावी शिकलेली, तिने मोबाईलवरून नावांची लांबलचक यादी काढलेली. "शाळेत पोरं त्याला दगड दगड म्हणून चिडवतील. तुम्ही रेडिओवरून बोला, आमच्या सासूबाई तुमचं ऐकतात," असं तिचं म्हणणं.

आम्ही आधी सासूबाईंशीच बोललो. त्या रागावल्या नाहीत. "पहिल्या दोघांची नावं चांगलीच ठेवली होती ना गं," एवढंच म्हणाल्या. त्यावर आमच्यातल्या कुणालाच उत्तर सुचलं नाही. मग आम्ही जुनं वाचायला बसलो, आमच्या गटातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारत सुटलो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

दगडू, धोंडू, केरबा, कचरू, उकिरडा, भिकाजी, कोंडिबा, नथू. गावातल्या जुन्या सातबाऱ्यांवर नजर टाकलीत तर यातली निम्मी नावं सापडतील. ही नावं आईबापांना सुचेना म्हणून ठेवलेली नव्हती. मुलं जगत नसत म्हणून ठेवलेली होती. चांगल्या वस्तूवर सगळ्यांचा डोळा असतो, मरणाचाही असतो. तेव्हा आपलं मूल टाकाऊ आहे असं दाखवायचं. बाळाला केरावर ठेवायचं आणि दुसरीने उचलून आणायचं, तो केरबा. सुपात घालून शेजारणीला द्यायचं आणि मूठभर कोंडा देऊन परत विकत घ्यायचं, तो कोंडिबा. पाच घरी पदर पसरून मागून आणलेल्या कापडात गुंडाळायचं, तो भिकाजी. नाक टोचून नथ घालायची, म्हणजे मरणाला वाटावं ही मुलगी आहे, तो नथू. (मुलगी म्हटल्यावर मरणसुद्धा पाठ फिरवेल, हा हिशेब कुणी केला असेल ते तुम्हीच ओळखा.)

आज याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी दोनशेहून जास्त बाळं पहिला वाढदिवस बघत नसत. म्हणजे पाचातलं एक तरी जायचंच. त्यातली कितीतरी पहिल्या पंधरवड्यातच जात. नाळ विळ्याने कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, आणि आठवड्याभरात बाळाची दातखिळी बसून ते धनुष्यासारखं ताठ व्हायचं. धनुर्वात तो. पण घरच्यांना दिसायचं ते एवढंच, की पाचवी-सहावीला सटवाई येऊन गेली आणि पोर गेलं. बारसं बाराव्या दिवशी का, याची शास्त्रातली कारणं काही असोत. आमच्या गटातली एक सुईण आजी म्हणते, "बारा दिवस काढले की मग नाव ठेवायचं धाडस व्हायचं." गरोदरपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांनी हा आजार हटवला. आई आणि नवजात बाळ यांना होणाऱ्या धनुर्वाताचं आपल्या देशात निर्मूलन झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. म्हणजे अगदी कालपरवाची गोष्ट.

आणि बारशातला गोप्या आठवा. वरवंट्याला कुंची घालायची, बाळासारखं नटवायचं आणि बाळाच्या आधी त्याला पाळण्याच्या वरून-खालून फिरवायचं. काय नजर लागायची ती आधी दगडाला लागू दे. दगडू हे नाव याच्यापासून फार लांबचं नाही.

हे फक्त आपल्याकडेच नाही. बंगालमध्ये मेदिनीपूरजवळ १८८९ साली एक मुलगा जन्मला. त्याच्या आधीचे दोन भाऊ गेलेले. आईने तो थोरल्या मुलीला, म्हणजे त्याच्या बहिणीलाच, तीन मुठी खुदीच्या बदल्यात विकला. खुद म्हणजे तांदळाची कणी. म्हणून त्याचं नाव खुदीराम. आपल्या कोंडिबाचा सख्खा भाऊच म्हणा. हाच तो खुदीराम बोस. एप्रिल १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला बॉम्ब टाकल्याबद्दल ११ ऑगस्ट १९०८ ला त्याला फाशी दिलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्या बॉम्बच्या प्रकरणावर 'केसरी'त लेख लिहिल्याबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि सहा वर्षं मंडालेला जावं लागलं. शाळेत आपण हे सगळं पाठ केलं, पण खुदीराम या नावाचा अर्थ कुणी सांगितला नाही. मरणापासून लपवायला आईने ज्याला कणीच्या भावात विकला, तो मुलगा स्वतःहून मरणासमोर जाऊन उभा राहिला. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले होते. वाढवलं त्या विकत घेणाऱ्या बहिणीने.

नवसाची नावं ही आणखी एक तऱ्हा. मालोजी भोसले आणि उमाबाई यांना मूल होत नव्हतं. त्यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पिराला नवस केला. दोन मुलगे झाले, त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी. शहाजीराजे म्हणजे शिवरायांचे वडील. भोसल्यांच्या घरात त्या काळी ही नावं किती वेगळी वाटली असतील! आज शहाजी हे नाव आपल्याला इतकं मराठी वाटतं की त्यात पीर आहे हे आठवतही नाही. ओडिशातले मोठे लेखक फकीरमोहन सेनापती यांचंही असंच. मूळ नाव ब्रजमोहन. लहानपणी खूप आजारी पडले, तेव्हा आजीने पिराला नवस बोलला आणि नातवाचा फकीरमोहन झाला.

इथपर्यंत वाचून झालं तेव्हा आम्ही सगळ्या सासूबाईंच्या बाजूच्या झालो होतो. मग आमच्या गटातली एकजण म्हणाली, "माझ्या बापाचं नाव कचरू होतं. पण त्याच्या आधी आमच्या आजीचं एकही मूल गेलेलं नव्हतं."

तिचा बाप महारवाड्यातला. शाळेत नाव घालायला गेला तेव्हा घरी ठेवलेलं नाव दुसरंच होतं. गुरुजींनी कचरू लिहिलं, कारण गाव त्याला तेच म्हणायचं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी असावीत ते सांगितलं आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धन सुचवणारं, आणि शूद्राचं किळस यावी असं. बायकांचं नाव उच्चारायला सोपं आणि कानाला गोड हवं, हेही तिथेच आहे. आता गावातल्या किती लोकांनी ती पोथी पाहिली होती? वाचावी लागतच नव्हती. अंगवळणी पडलेली होती.

तर मग दगडू आणि दगडू यांत फरक आहे. धोंडो केशव कर्वे पाहा. जन्म १८५८. धोंडो म्हटलं की आपल्या कानाला दगडच ऐकू येतो. पण या धोंडोंना कुणी धोंड्या म्हटलं नाही. ते अण्णा झाले, महर्षी झाले, १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले. दुसरीकडे दगडू मारुती पवार, जन्म १९३५. त्यांनी १९७८ साली 'बलुतं' हे आत्मकथन लिहिलं ते दया पवार या नावाने. त्या पुस्तकात दया पवारांना दगडू भेटतो आणि आपली कहाणी सांगतो. एकाच माणसाचे दोन तुकडे, एक ठेवलेल्या नावाचा आणि एक घेतलेल्या नावाचा. ज्यांनी अजून वाचलं नसेल त्यांनी वाचा, आपल्या केंद्राच्या कपाटात एक प्रत आहे.

धोंडो आणि दगडू, अर्थ एकच. एकाच्या मागे 'पंत' लागायचं, दुसऱ्याच्या मागे 'या' लागायचा. दगड्या, कचऱ्या, भिक्या. आईने भीतीपोटी घातलेलं चिलखत एकीकडे आणि गावाने मारलेला शिक्का दुसरीकडे.

आणि मुलींचं? मुलांची वाईट नावं मरणाला फसवायला होती. नकुशी हे नाव कुणाला फसवायला नव्हतं, ते सरळ मुलीला ऐकवायला होतं. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून जास्त नकुशींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली, तेव्हा अनेकींनी आपली नावं स्वतः निवडली.

बाबासाहेब आंबेडकरांच्या घरातली नावं या नजरेने वाचली की थांबायला होतं. ते स्वतः आईवडिलांचं चौदावं आणि शेवटचं मूल. त्यांच्या आणि रमाबाईंच्या मुलांची नावं: यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. त्यातला एकटा यशवंत जगला. राजरत्न गेला तो १९२६ साली. पाठोपाठ मुलं जात होती, गरिबी होती, आणि तरीही या घराने पोराला दगडू म्हटलं नाही. शेवटच्याचं नाव राजरत्न ठेवलं. त्याच्या पुढच्या वर्षी, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला मनुस्मृती जाळली गेली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि वस्त्यावस्त्यांतून नवी नावं आली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद. त्याआधीच बाबासाहेबांच्या संस्थेने मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ आणि औरंगाबादला १९५० साली मिलिंद महाविद्यालय काढलं होतं. मिलिंद हा मूळचा ग्रीक राजा मिनँडर, नागसेन भिक्खूला प्रश्न विचारणारा. गंमत म्हणजे राहुल हे नावही काही लाडाने ठेवलेलं नाही. मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा सिद्धार्थाला वाटलं, ही तर पायात बेडी पडली, आणि त्यावरून राहुल, अशी कथा आहे. यशोधरेला कुणी विचारलं होतं का, ते कथेत नाही. पण आज ती बेडी सगळ्या जातींच्या घराघरांत कौतुकाने रांगते आहे.

हे सगळं आम्ही त्या लेकीला आणि सासूबाईंना दोघींना एकत्र बसवून सांगितलं. निकाल दिला नाही, तो आमचा अधिकार नव्हे. लेकीच्या मोबाईलवरच्या यादीतल्या काही नावांचा अर्थ मात्र कोणत्याच शब्दकोशात सापडेना, तेही सांगितलं, ती हसली. कागदाचं काय ते तेवढं नीट समजावलं. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची. नाव ठरलं नसेल तर नोंद नावाशिवाय होते. बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर शुल्क नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तेव्हा घाईने भांडण नको. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे. हे ऐकून सासूबाईंना नवल वाटलं. आपल्याकडे हे नवं नाही, असं आम्ही सांगितलं. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा मुलगा सातवाहनांचा सर्वांत मोठा राजा, गौतमीपुत्र सातकर्णी. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. अठराशे वर्षांपूर्वीच्या दगडावर आयांची नावं अजून वाचता येतात. "म्हणजे दगड काही वाईट नाही," असं म्हणून सासूबाईंनी आमच्यावरच डाव उलटवला.

परवाच्या रविवारी बारसं झालं. आम्ही चौघी गेलो होतो. सासूबाईंनी वरवंट्याला स्वतः शिवलेली कुंची घातली, काजळ लावलं आणि पाळण्याखालून फिरवताना त्याला हळूच काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते आम्ही विचारलं नाही. मग आत्याबाई वाकली, बाळाच्या कानात आईने निवडलेलं नाव सांगितलं आणि तिच्या पाठीत दणादण धपाटे बसले. बाळ दचकून रडलं, मोठ्याने रडलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "रडू दे, छाती मजबूत आहे." घुगऱ्या छान झाल्या होत्या.