देवळालीचा ताप

आमच्या गिरगावात देवळाली म्हणजे हवापालट. आजारातून उठलेल्या माणसाला महिनाभर तिथल्या सॅनेटोरियममध्ये पाठवायचं, की गडी टुणटुणीत होऊन परत. गंमत बघा, याच गावाच्या नावावरून इंग्रजीत वेड लागण्याला शब्द मिळाला, डूलॅली! पूर्ण शब्द 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप.

१८६१ साली देवळालीला गोऱ्या सैनिकांची छावणी झाली. हिंदुस्थानातली मुदत संपलेले शिपाई मुंबईहून सुटणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे थांबत. बोटी साधारण हिवाळ्यातच सुटत. उन्हाळ्याच्या तोंडावर मुदत संपली, की पुढे कित्येक महिने नुसतं बसून राहायचं. ऊन आणि दारू. वर्षानुवर्षं नीट चाकरी केलेली माणसं तिथे येऊन बिघडत. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने १९३६ साली छापलेल्या आठवणींत याचं खापर कंटाळ्यावर फोडलंय. मला ते अर्धंच पटतं. धावपळीत दाबून ठेवलेलं रिकामपणी वर येतं, हे आम्हा निवृत्तांना कुणी सांगायला नको.

गोऱ्यांच्या दुखण्याला निदान शब्द तरी मिळाले. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक'वर लेख लिहिला. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकल्या. शेवटी शेवटी उपासमार, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, मग तुर्कांच्या कैदेत वाळवंटातली पायपीट. जे जगले ते आपापल्या गावी परतले. त्यांच्या रात्री कशा गेल्या, याला आपल्याकडे शब्द कोणते? 'बाधा झाली', नाहीतर 'डोक्यावर परिणाम झाला'. बस्स.

लालबागला माझ्या मावशीच्या चाळीत दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले एक गृहस्थ होते. रात्री दोनला उठून ते गॅलरीत झोपलेल्यांची डोकी मोजायचे. एक कमी भरलं, की पुन्हा पहिल्यापासून. कुणी कुरकुरलं तर मावशी म्हणायची, "मोजू देत रे त्यांना, त्याशिवाय त्यांना झोप नाही." औषधपाणी म्हणाल तर एवढंच. व्हिएतनामनंतर, १९८० मध्ये, अमेरिकन डॉक्टरांनी या दुखण्याला पीटीएसडी असं नाव दिलं, तोवर ते वारले होते.

असो. आपल्या कोकणातल्या घरांपैकी कुणाचे आजे-पणजे बसऱ्याकडे गेले असतील, तर त्यांच्याबद्दल घरात काय बोललं जायचं ते मला जरूर कळवा. मेडल कुठलं मिळालं ते नसलं तरी चालेल.