पहाटेच्या उजेडातले व्हिएतनाम

व्हिएतनामच्या खेड्यात दिवस फार लवकर सुरू होतो. पहाटे पाचच्या सुमारास अनेक गावांत खांबांवरचे ध्वनिक्षेपक बातम्या आणि सूचना ऐकवू लागतात. तोवर घरोघरी चहा झालेला असतो आणि माणसे शेताच्या वाटेला लागलेली असतात. जूनमध्ये हनोईच्या परिसरात सव्वापाचलाच सूर्य उगवतो आणि थोड्याच वेळात ऊन अंग भाजू लागते. त्यामुळे लावणी, कापणी, भाजीची तोडणी ही कष्टाची कामे सकाळीच उरकली जातात. दुपारी शिवारात सामसूम असते. पाठीवर सॅक अडकवून हिंडणाऱ्या भटक्याला हे जगणे पाहायचे असेल, तर त्यालाही याच वेळापत्रकाने चालावे लागते. दहा वाजता बसमधून उतरणाऱ्याला हिरवा देखावा दिसतो. पहाटे निघालेल्याला त्यामागचे कष्ट दिसतात.

भटक्यांची वाट

१९८६ मध्ये व्हिएतनामने ‘दोई मोई’ या नावाने आर्थिक सुधारणांचे धोरण स्वीकारले आणि १९९० च्या दशकात स्वतंत्रपणे फिरणाऱ्या परदेशी प्रवाशांचा ओघ सुरू झाला. हनोईचा जुना भाग आणि हो ची मिन्ह सिटीतील फाम न्गु लाओ रस्ता हे त्यांचे अड्डे बनले. एकाच तिकिटावर टप्प्याटप्प्याने उतरत देशभर नेणाऱ्या ‘ओपन टूर’ बसगाड्यांनी हा प्रवास स्वस्त केला. मात्र या गाड्या धावतात त्या शहरांना जोडणाऱ्या रस्त्यांवरून. शिवार पाहायचे तर खेड्यात मुक्काम करावा आणि भाड्याची सायकल घेऊन बांधावरून निघावे, हा अनुभवी भटक्यांचा जुना सल्ला आजही खरा आहे.

भाताची खाचरे आणि चुनखडीचे डोंगर

अशा भटकंतीसाठी निन्ह बिन्हचा परिसर उत्तम. हनोईच्या दक्षिणेला सुमारे ९५ किलोमीटरवर भाताच्या खाचरांतून चुनखडीचे उभे सुळके वर आलेले दिसतात. येथील चांग आन परिसराला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. जवळच ताम कॉक आहे. या नावाचा अर्थ तीन गुहा. न्गो दोंग नदी या गुहांच्या पोटातून वाहते आणि नावाडी बऱ्याचदा पायांनी वल्ही मारत होडी नेतात. हनोईहून सहलीच्या बसगाड्या येण्यापूर्वी, धुके विरत असताना येथे पाण्यावर केवळ वल्ह्यांचा आवाज असतो.

उत्तरेत भाताची वर्षाला दोन पिके निघतात. पहिल्याची लावणी जानेवारी-फेब्रुवारीत होते आणि ते मे-जूनमध्ये कापले जाते. दुसरे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हाती येते. कापणीच्या दिवसांत गावातील रस्तेच खळे होतात. कडेला भात वाळत घातलेले असते आणि सायकलस्वाराने ते चुकवून जावे, ही रीत आहे. अनेक ठिकाणी खाचरांच्या मधोमध पूर्वजांच्या समाध्या दिसतात. त्यांवर बसणे किंवा चढणे अशिष्ट मानले जाते. शेतात वाकलेल्यांत प्रामुख्याने बायका आणि वयस्कर माणसे दिसतात, कारण तरुण पिढीतील अनेकजण कारखान्यांकडे वळले आहेत. रेड्यांच्या जागीही आता यंत्रे आली आहेत.

ओसरणारा बाजार

दक्षिणेत मेकाँग नदी अनेक मुखांनी समुद्राला मिळते. व्हिएतनामी लोक तिला ‘नऊ ड्रॅगनांची नदी’ म्हणतात. तिचा त्रिभुज प्रदेश हे देशाचे भाताचे कोठार. येथील कान थो शहराच्या धक्क्यावरून पहाटे पाचला निघालेली होडी अर्ध्या तासात काइ रांगच्या तरंगत्या बाजारात पोहोचते. प्रत्येक नावेवर उंच बांबू उभा असतो आणि त्याला विक्रीचा माल टांगलेला असतो, मग तो अननस असो वा भोपळा. दोरीवर वाळणारे कपडे मात्र विक्रीचे नसतात. बांबूला शाकारणीचे झाप बांधलेले असेल, तर ती नावच विकायची आहे, असे समजावे.

या बाजाराला २०१६ मध्ये राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. तरीही नावा कमी होत आहेत. रस्ते व पूल झाले, माल ट्रकने जाऊ लागला आणि व्यापारी किनाऱ्यावर गेले. त्यात समुद्राचे खारे पाणी कोरड्या ऋतूत नदीतून आत शिरू लागले आहे. २०१६ आणि २०२० मध्ये या खारेपणाने शेतीचे मोठे नुकसान केले.

पायवाट सोडू नये

मध्य व्हिएतनाममध्ये एक खबरदारी अत्यावश्यक आहे. युद्धकाळात दोन व्हिएतनाममधील सीमारेषा क्वांग त्री प्रांतातून जात होती. तेथील जमिनीत न फुटलेले बॉम्ब आजही सापडतात. १९७५ नंतर अशा स्फोटांत देशभर सुमारे ४० हजार लोक मृत्युमुखी पडल्याचे सरकारी आकडेवारी सांगते. त्यांत शेतकरी आणि मुले पुष्कळ होती. बॉम्ब निकामी करणारी पथके अद्याप कार्यरत आहेत. म्हणून येथे मळलेली वाट सोडून रानात शिरू नये आणि धातूच्या कोणत्याही वस्तूला हात लावू नये.

होई आनपासून सुमारे ४० किलोमीटरवरील मी सन हे चंपा राज्यातील शैव मंदिरांचे स्थळही या युद्धातून सुटले नाही. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत तेथील प्रमुख मंदिर उद्ध्वस्त झाले. अलीकडच्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने येथील काही मंदिरांचे जतनकार्य केले आणि २०२० मध्ये त्या कामात एक अखंड शिवलिंग सापडले.

जाण्यापूर्वी

भारतीयांना ऑनलाइन व्हिसा मिळतो; ऑगस्ट २०२३ पासून त्याची कमाल मुदत ९० दिवस आहे. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पहाटेसाठी विजेरी, पाणी आणि सुट्टे दोंग जवळ असावेत. छायाचित्र घेण्याआधी ‘सिन चाव’ म्हणजे नमस्कार म्हणावा आणि परवानगी विचारावी. प्रवाशासाठी ते दृश्य असले, तरी समोरच्या माणसासाठी तो कामाचा दिवस असतो.