युक्तिकल्पतरूंतील नौकामापें आणि लांकडी नमुन्याची कसोटी

भोजदेवाच्या नांवावर असलेला युक्तिकल्पतरु हा ग्रंथ १९१७ सालीं कलकत्त्यास छापून निघाला. तत्पूर्वीं, १९१२ सालीं, राधाकुमुद मुकर्जी यांनीं हिंदी नौकानयनावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्यांतील नौकाप्रकरण विद्वानांपुढें आणिलें होतें. तेव्हांपासून त्यांतील मापांचीं कोष्टकें पुष्कळांनीं उतरून घेतलीं. परंतु तीं मापें लांकडांत उतरतात कीं नाहीं, हें कागदावर ठरत नाहीं. प्रमाणबद्ध लांकडी नमुना हें ग्रंथार्थ तपासण्याचें एक स्वतंत्र साधन आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत असून त्याचीं कारणें येथें देत आहें.

उमापूर (ता. गेवराई, जि. बीड) येथें समुद्र नाहीं. येथील सुतारास गलबत ठाऊक नसलें तरी बैलगाडी ठाऊक आहे, आणि वाकस, करवत, रंधा, पटाशी, सामता, कानस व गुण्या एवढीं हत्यारें या कामास पुरतात. एका हातास अर्धा इंच असें प्रमाण धरावें. हात १८ इंचांचा मानिल्यास नमुना मूळ नौकेच्या छत्तिसाव्या हिश्शाचा होतो. तळाच्या कण्यास व फळ्यांस जुना साग घ्यावा. फासळ्यांस बाभळीच्या मुळांतच वांकलेल्या फांद्या उत्तम. कारण त्यांचे तंतु वळणाबरोबर जातात, आणि सरळ लांकडांतून कापलेली फासळी वळणावर मोडते. फळ्या इंचाच्या सोळाव्या भागाइतक्या रंधून, गरम पाण्यांत भिजवून, सांच्यावर बांधून वाळूं द्याव्या. मूळ नौकेंत ही जाडी सव्वादोन इंच होईल.

आतां ग्रंथाकडे वळूं. क्षुद्रा नौकेची लांबी एक राजहस्त, म्हणजे १६ हात. ‘परिणाह’ तिच्या चतुर्थांश. आणि उंची तितकीच. संस्कृतांत परिणाह शब्दाचे रुंदी आणि घेर असे दोन्ही अर्थ संभवतात. येथें घेर घेतला तर एका कांठापासून तळाखालून दुसऱ्या कांठापर्यंतचें अंतर अवघें ४ हात होतें. पण ४ हात खोल नौकेच्या दोन बाजूच मिळून ८ हात भरतात. सूत धरून नमुना आंखतांच घेराचा अर्थ गळून पडतो व रुंदी हाच अर्थ उरतो. जेथें कोश दोन अर्थ देतो, तेथें सुताराचें सूत एकच ठेवितें.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. सामान्य वर्गाच्या दहा नौकांपैकीं भीमा, भया व गर्भरा या तीन अशुभ सांगितल्या आहेत. त्यांच्या मापांमुळें त्या पाण्यावर स्थिर राहत नसाव्या, असा तर्क करण्यांत आला आहे. परंतु भीमेचीं मापें ४०, २०, २० हात, आणि तिच्या लगतच्या चपलेचीं ४८, २४, २४ हात. प्रमाण दोहोंचें एकच. दीर्घ वर्गांत लोला, गामिनी व प्लाविनी अशुभ. पण तेथेंही दीर्घिकेपासून वेगिनीपर्यंत रुंदी लांबीच्या अष्टमांश व उंची दशमांश अशीच आहे. एकाच सांच्यांतून लहानमोठे नमुने काढून सारख्या प्रमाणांत भार घातल्यास एक तरेल व दुसरा कलंडेल, असें होणें नाहीं. अर्थात् अशुभत्वाचें कारण मापांच्या प्रमाणांत नव्हे, अन्यत्र शोधिलें पाहिजे.

मंथरा १२०, ६०, ६० हातांची. म्हणजे नमुना ६० इंच लांब, ३० रुंद व ३० उंच. हें कोठार झालें, गलबत नव्हे. मुंबईस १८१७ सालीं वाडियांनीं बांधलेली सागवानी ‘ट्रिंकोमली’ ही युद्धनौका सुमारें १५० फूट लांब व ४० फूट रुंद; तिचें प्रमाण पावणेचारास एक पडतें. अंकांची शिस्त पाहतां ग्रंथकार सूत्र सांगत आहे, बांधलेल्या नौकेचें माप देत नाहीं, असेंच अनुमान निघतें.

मात्र सर्वच सूत्रांस हें लागू नाहीं. समुद्रगामी नौकेच्या सांध्यांत लोखंड नको, लोहकांत तें ओढून घेईल, म्हणून गुणांनीं, म्हणजे दोऱ्यांनीं, बांधावी असें भोज म्हणतो. कारण काल्पनिक खरें. पण शिवलेलीं गलबतें अरबी समुद्रांत खरोखर चालत. नमुन्यांत सामत्यानें छिद्रें पाडून फळ्या सुतानें शिवाव्या व सांधे कापूस आणि राळ यांनीं बुजवावे. असा सांधा धक्क्यानें लवतो, फुटत नाहीं.

मराठी आरमाराची स्थिति याच्या उलट आहे. आज्ञापत्रांत गुराबा मध्यम आकाराच्या असाव्या, आणि रयतेचीं आंब्याफणसाचीं झाडें तोडूं नयेत, असें सांगितलें आहे. ऑर्म यानें १७६३ सालीं छापलेल्या ग्रंथांत दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची सुमारें ३०० टनांची, लांबीच्या मानानें रुंद, उथळ, व पुढें चोंच काढलेली असे, असें वर्णन आहे. वर्णन आहे, पण फासळींतलें अंतर नाहीं, फळीची जाडी नाहीं. नमुना करूं लागतांच ही उणीव हातास लागते. तीं मापें कोंकणांतील बांधणाऱ्यांच्या डोळ्यांत व फर्म्यांत होतीं.

फ्रेंच नौसेनानी पारी यानें आशियांतील देशी गलबतें प्रत्यक्ष मोजून १८४१ पासून त्यांचे नकाशे छापले, आणि पुढें पॅरिसच्या नौकासंग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर तसे नमुने करविले. परक्यानें केलें तें आपणांस अशक्य नाहीं. आतां होड्यांस यंत्र आलें, फायबरचें अंग आलें. लांकडी बांधणीचे फर्मे व मापपट्ट्या कामावांचून पडूं लागल्या. पोथीची नक्कल मागाहून करतां येते. पण बांधणारा गेला कीं त्याच्या फर्म्याचा अर्थ लावणारा उरत नाहीं. संग्राहकांनीं जुन्या कागदांबरोबर हे फर्मे, हत्यारें आणि नमुने यांसही आपल्या दप्तरांत स्थान द्यावें, व बांधणारे हयात आहेत तोंच त्यांच्या तोंडून प्रत्येकाचें नांव व उपयोग लिहून घ्यावा, एवढीच विनंति आहे.